चौकड्यांचा सदरा आणि एक गुण

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. पोर्तुगालातल्या पोर्तो शहरातील तुझ्या खोलीच्या खिडकीतून बोआविश्ता या फुटबॉल संघाचे बेसा मैदान दिसते, हे वाचून मला किती आनंद झाला हे तुला सांगून पटायचे नाही. मात्र ज्या संघाने शंभराहून अधिक वर्षांत लीग एकदाच जिंकली, त्याचा मफलर घरमालक आजोबा दारामागच्या खुंटीवर वर्षभर टांगून ठेवतात, याचे तुला हसू आले, ते काही मला रुचले नाही. म्हणून हे लांबलचक उत्तर.

आपल्या कोल्हापुरात पेठेच्या आणि तालमीच्या नावाने संघ ओळखले जातात. बोआविश्ता हेही त्या शहरातील एका भागाचेच नाव आहे. 1903 मध्ये तेथील इंग्रज आणि पोर्तुगीज मंडळींनी मिळून हा क्लब काढला. रविवारी खेळावे की नाही यावरून दोघांत बिनसले आणि इंग्रज हळूहळू बाजूला झाले, असे सांगतात. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा सदरा 1933 पासूनचा. बुद्धिबळाच्या पटासारख्या त्या सदऱ्यावरूनच खेळाडूंना ‘अशाद्रेझादुश’ हे टोपणनाव पडले.

आता मानसन्मान. पोर्तुगालचा चषक त्यांनी पाच वेळा जिंकला, त्यांतील पहिले दोन 1975 आणि 1976 मध्ये, जुझे मारीया पेद्रोतू प्रशिक्षक असताना. सुपर कप तीन. पण या सर्वांपेक्षा मोठी गोष्ट 2001 ची. 1934 मध्ये सुरू झालेल्या पोर्तुगीज लीगचे विजेतेपद बेन्फिका, स्पोर्टिंग आणि एफसी पोर्तो या तिघांबाहेर आजवर दोनदाच गेले आहे: 1946 मध्ये लिस्बनच्या बेलेनेन्सेशकडे आणि 2001 मध्ये या पेठेच्या संघाकडे. प्रशिक्षक झाइमे पाशेको यांच्या त्या संघाने 34 सामन्यांत 23 विजय मिळवले, 8 बरोबरीत सोडवले, अवघे 3 गमावले आणि फक्त 22 गोल खाल्ले. 18 मे रोजी बेसावर आव्हेशचा 3-0 असा पराभव होताच विजेतेपद निश्चित झाले. शेवटच्या सामन्यात शेजारच्या एफसी पोर्तोने त्यांना 4-0 असे झोडपले, पण तोवर उशीर झाला होता. गुणतक्त्यात बोआविश्ता 77, पोर्तो 76. ते दोन आकडे मी त्या वर्षीच्या बँकेच्या डायरीत मागच्या पानावर लिहून ठेवले होते. डायरी अजून माळ्यावर आहे.

2003 मध्ये यूएफा कप या युरोपातील क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत ग्लासगोत सेल्टिकशी 1-1 अशी बरोबरी साधून ते घरी परतले आणि बेसावर सेल्टिकच्या लार्सनच्या एकमेव गोलने हरले. बरोबरीत परक्या मैदानावरचा गोल तेव्हा सरस धरला जाई, म्हणून तो गोल झाला नसता, तर अंतिम सामना एकाच शहरातील दोन संघांत झाला असता, कारण दुसऱ्या बाजूने पोर्तोच आला होता. मला ही हळहळ आजही वाटते.

यापुढचे लपवून तुला अर्धेच सांगणे मला बरे वाटणार नाही. पंचांवर दबाव आणल्याच्या, 2003-04 च्या हंगामाशी संबंधित प्रकरणात 2008 मध्ये क्लबला खालच्या श्रेणीत ढकलण्यात आले आणि वर्षभरात तो आणखी एक पायरी खाली घसरला. तो निर्णय प्रक्रियेतील त्रुटींमुळे टिकला नाही, म्हणून 2014 मध्ये संघ पुन्हा वरच्या श्रेणीत आला. परंतु त्रुटी निर्णयाच्या प्रक्रियेत होत्या, म्हणून आरोप खोटा होता असे म्हणण्याइतका मी आंधळा चाहता नाही. 2025 मध्ये मात्र ते तळाला राहूनच खाली गेले. तेथे पंचांना बोल लावण्याची सोय नव्हती.

आजोबांना यातले 2008 आपणहून विचारू नकोस. ते स्वतः बोलले तर ऐकून घे. 18 मे 2001 रोजी ते कोठे होते, हे मात्र आवर्जून विचार आणि ते जे सांगतील ते मला सविस्तर लिही. आईने मेतकूट पाठवले आहे.

तुझा,
बाबा