पाणी आलं की नाही, हे मुलांना कोण सांगणार? : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

आपल्या खात्याचं पत्र गेल्या आठवड्यात मिळालं. जावक क्रमांक, दिनांक, गोल शिक्का, सगळं जागच्या जागी आहे. मजकूर मोजून तीन ओळींचा. मुलांसाठीची दूरचित्रवाणी मालिका ही बाब प्रचलित धोरणात समाविष्ट नसल्याने आपला प्रस्ताव दप्तरी दाखल करण्यात येत आहे. खाली आपल्या मान्यतेचा उल्लेख आहे, म्हणून सही करणाऱ्या अधिकाऱ्याला न लिहिता थेट आपल्यालाच लिहिते आहे.

आपण सांगलीला नाट्यमहोत्सवाच्या समारोपाला आला होतात. आमच्या मालिकेतली मुलं पुढच्या रांगेत बसली होती. आपण भाषण मध्येच थांबवलंत, मुलांना उभं राहायला सांगितलंत, सभागृहाला टाळ्या वाजवायला लावल्यात आणि यांची अर्धवट राहिलेली मालिका शासन पूर्ण करून देईल, असा शब्द माइकवरून दिलात. मी तो मागितला नव्हता. मुलांनी तो घरी जाऊन सांगितला, शाळेत सांगितला. त्यानंतर बाजारात, रिक्षात, लग्नात, जिथे भेटतील तिथे ती मला एकच विचारतात, "बाई, शूटिंग कधी?" मी प्रत्येक वेळी आपलं नाव पुढे केलं आहे.

मालिका काय होती ते सांगते, कारण आपल्या खात्यात ती कुणी पाहिल्याचं त्या तीन ओळींत कुठे दिसत नाही. आयर्विन पुलापाशी एका पट्टीवर कृष्णेची पाणीपातळी मोजतात. ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे सांगलीतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. २००५ साली ५३ फूट, २०१९ साली ५७, २०२१ साली पुन्हा ५५ च्या घरात. आमच्या गोष्टीत सहावीतल्या तीन मुलांना आणि त्यांतल्या एकीच्या दुसरीतल्या भावाला एका सकाळी त्या पट्टीवर उद्याचं पाणी दिसायला लागतं. मोठ्यांना दिसतो तो आजचाच आकडा. मुलं सांगत सुटतात, कुणी ऐकत नाही. पुढे कळतं की ती पट्टी साठ वर्षांनंतरच्या सांगलीतल्या एका मुलीने मागे पाठवली आहे.

ही कल्पना माझी एकटीची नाही. २०१९ च्या पुरानंतर मी मुलांचं नाट्यशिबिर घेतलं. मुलं गप्प गप्प होती. ब्रह्मनाळला पुरात उलटलेल्या बोटीच्या बातम्या त्यांनी टीव्हीवर पाहिल्या होत्या, घरातला चिखल स्वतःच्या हाताने काढला होता. नाटक राहू दे, चित्रं काढा म्हटलं. एका मुलीने पुलाखालची पट्टी काढली, शेजारी तारीख घातली. ती दुसऱ्या दिवशीची होती. तारीख चुकली म्हणून मी खोडायला गेले तर म्हणाली, नाही बाई, उद्याचं आधी कळलं असतं तर आजीच्या गाद्या तरी वर नेल्या असत्या. त्या चित्रातून मालिका झाली. मुलांसाठी विज्ञानकथा का हवी, असं मला वाहिनीच्या बैठकीत विचारलं गेलं, तेव्हा मी हेच सांगितलं होतं.

आम्ही ती मालिका सांगलीतच केली. पट्टीवरचा आकडा बदलताना जो आवाज येतो, तो मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला आहे. तिथल्या एका कारागिराने नव्या सतारीच्या तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या बारीक तारा, एकेक करून छेडल्या आणि आम्ही त्या ध्वनिमुद्रणाचा वेग चौथ्या हिश्श्यावर आणला. त्यांनी पैसे घेतले नाहीत, पोरांचं काम आहे म्हणाले. पुराचं दृश्य संगणकावर करण्याइतका पैसा नव्हता, म्हणून प्लायवूड आणि पीओपीचा आठ फुटी आयर्विन पूल बांधून हौदात ठेवला. लहान पुलाखालून सोडलेलं पाणी बादलीतलंच दिसतं, कारण थेंब काही लहान होत नाहीत. ते सेकंदाला १२० फ्रेमने टिपून संथ दाखवलं की त्याला नदीचं वजन येतं. हौदात काठावरचा गाळ कालवला, पाण्याला चहासारखा रंग आला. पहिल्यांदा मॉनिटरवर ते दिसलं तेव्हा पूर अंगावर घेतलेली आमची लाइटची पोरं दोन पावलं मागे सरली.

मुलांच्या बाबतीत आम्ही एकही नियम मोडला नाही. २०१६ चा सुधारित बालकामगार कायदा आणि २०१७ चे नियम मला तोंडपाठ आहेत. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही, पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस, कमाईचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावाने मुदत ठेवीत, आणि या सगळ्याच्या आधी जिल्हा प्रशासनाची परवानगी, जी सहा महिन्यांपुरती असते. कायदा योग्यच आहे. पण मुलांची मालिका मोठ्यांच्या मालिकेपेक्षा महाग पडते ती यामुळे. ज्या दिवसात सासू-सुनेचा अख्खा भाग उरकतो, त्या दिवसात आमची दोन दृश्यं होतात. वर कॅमेऱ्याच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी. आणि वाहिनीने आम्हाला दिलेला दर संध्याकाळच्या मालिकेच्या निम्माही नव्हता, हे त्यांच्याच एका माणसाने मला जिन्यात सांगितलं.

करार १३ भागांचा होता. सहा दाखवले. रविवारी सकाळची वेळ ठरली होती, तिसऱ्या भागानंतर ती शनिवारी पहाटे ढकलली, आणि मग दर गुरुवारी येणाऱ्या टीआरपीचा कागद समोर धरून सांगितलं, प्रेक्षक नाही. देशभरातल्या काही हजार घरांत बसवलेल्या यंत्रांवर हा निकाल लागतो. मुलं पहाटे साडेसहाला टीव्ही लावत नाहीत, हे कळायला यंत्र कशाला हवं होतं? सहावा भाग संपतो तेव्हा पट्टीवर ६३ चा आकडा येतो आणि मुलं पुलावरून धावत सुटतात. सातव्या शनिवारी त्या वेळेला तेलाची जाहिरात होती. पुढचे चार भाग चित्रित होऊन, संकलित होऊन पडले आहेत. शेवटचे तीन चित्रितच झाले नाहीत. पाणी आलं की नाही, हे बघणाऱ्या एकाही मुलाला अजून ठाऊक नाही.

निदान ते चार भाग आम्ही शाळांतून दाखवावेत म्हटलं, तर करार आडवा आला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमात म्हटलं आहे की हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरले नाहीत तर करारात वेगळं काही नमूद नसल्यास ते हस्तांतरण संपतं. पण करारात ते वेगळं नमूद केलेलं असतंच, कारण करार त्यांचे वकील लिहितात आणि सही आमच्यासारख्यांना करावी लागते. दाखवलेले सहा भागही त्यांनी अ‍ॅपवरून काढले आहेत. ज्या मुलांनी काम केलं त्यांना स्वतःचं काम बघायला मिळत नाही. मी प्रत मागितली, लेखी मागितली, माणसं मध्ये घालून मागितली. उत्तर नाही.

आता माझ्या घराचं. पहिले भाग बनवून दाखवायचे आणि पैसे नंतर, अशी पद्धत असते. माझ्या यजमानांचा छापखाना २०१९ च्या पाण्यात गेला होता. यंत्र दुरुस्त होऊन जेमतेम चालू झालं होतं. ते पतसंस्थेत तारण ठेवलं. सासूबाईंनी पाटल्या काढून दिल्या, तेव्हा त्यांनी हिशोब विचारला नाही, फक्त नातवंडांना दाखव म्हणाल्या. गेल्या वर्षी त्या गेल्या. पाटल्या अजून पतसंस्थेतच आहेत. राहिलेल्या सात भागांचे पैसे आले नाहीत, पण त्यातल्या चार भागांचा खर्च मी केलेला आहे. कपडेपटवाल्या मावशी, सेट उभारणारे सुतार, जेवण देणारा माणूस, यांचे पैसे मी थोडे थोडे फेडते आहे. लाइटवाला मुलगा आता लग्नाच्या मांडवात काम करतो, मला बघून मान खाली घालतो. पैसे मी त्याला देणं लागते, आणि संकोच त्याला होतो. रात्री झोप लागत नाही हो मंत्रिमहोदय. डॉक्टर रक्तदाबाची गोळी देतात आणि ताण घेऊ नका म्हणतात.

त्यातून मुलं थांबत नाहीत. धाकट्याचे पुढचे दोन दात चौथ्या भागाच्या सुमारास पडले, ते आम्ही गोष्टीत बसवून घेतलं. पण आता मोठ्या मुलाचा आवाज फुटतो आहे. अजून वर्षभर गेलं तर ही मुलं त्या गोष्टीतली राहणार नाहीत. आपलं खातं फाइल तीन-तीन महिने एका टेबलावर ठेवतं, तेव्हा हे कुणी लक्षात घेतं का?

धोरणात बसत नाही, असं तुम्ही लिहिता. मग धोरण कुणी करायचं? दर्जेदार मराठी चित्रपटाला राज्याचं अनुदान आहे. राज्य बालनाट्य स्पर्धा आहे, आणि ती आहे म्हणून खेड्यापाड्यातली मुलं रंगमंचावर येतात. सुधा करमरकर आणि रत्नाकर मतकरी यांनी मुंबईत बालरंगभूमी उभी केली ती साठ वर्षांपूर्वी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत पहिलं नाटक केलं, ते संस्थानिकांनी पाठबळ दिलं म्हणून. या गावाला नाट्यपंढरी म्हणून तुम्हीच भाषणाची सुरुवात केली होती. पण मूल आज जिथे बघतं, त्या पडद्यासाठी राज्याकडे मुलांच्या नावाने काहीच नाही. केंद्राकडे १९५५ पासून बालचित्र समिती होती, ती २०२२ मध्ये चित्रपट विकास महामंडळात विलीन करून टाकली. १९८९ मध्ये दूरदर्शनवर 'इंद्रधनुष' लागायची, मुलांची, संगणकाची, कालप्रवासाची. मी दहा वर्षांची होते. ती थोडेच भाग चालली, पण मी आज हे काम करते त्याचं मूळ तिथे आहे. थोडे भाग का होईना, सरकारी वाहिनीने ते मुलांपर्यंत पोचू दिले होते.

जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. ते आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे, मराठीत मुलांना विज्ञानकथेची गोडी लावणारे, नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. शासकीय इतमामात निरोप दिला, सगळ्या पक्षांनी शोकसंदेश काढले. त्यातला एकही संदेश खोटा होता असं मी म्हणत नाही. पण त्यांनी जे आयुष्यभर केलं ते पुढे करू बघणाऱ्यांना राज्य कोणत्या खिडकीवर उभं करतं, तेही बघा. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली, तेव्हा आम्ही शाळेत पेढे वाटले. त्याच शाळेतली पोरं डबा खाताना आपसात कार्टूनमधलं हिंदी बोलतात. तुम्ही त्यांच्या आईबापांना दोष देता. पोरांना बघण्याजोगं मराठीत काय ठेवलंत?

आणि हे फक्त मालिकेपुरतं नाही. पुराच्या बाबतीतही हेच चाललं आहे. २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीचा अहवाल २०२० मध्ये सरकारला मिळाला. पूररेषेच्या आत बांधकामं अजून दिसतात, दरवर्षी जुलै लागला की आम्ही सामान माळ्यावर चढवतो आणि पुढारी होडीत बसून फोटो काढून जातात. पंचनामा होतो, यादीत नाव येतं, रक्कम अडकते. उद्याचं पाणी सांगणाऱ्याला कुणी विचारत नाही आणि आजचं पाणी घरात शिरल्यावर सगळे धावतात. आमच्या गोष्टीतल्या मुलांचं दुःख हेच होतं. ते मी कल्पनेतून लिहिलं असं वाहिनीला वाटलं असेल. सांगलीकरांना तसं वाटलं नव्हतं.

मला काय हवं ते स्पष्ट लिहिते. मुलांच्या मालिकेला अनुदानाच्या धोरणात जागा करा, भाग कमी असले तरी चालतील, पण करार केलेले सगळे भाग दाखवणं वाहिनीवर बंधनकारक असू दे. दडपून ठेवलेल्या चार भागांच्या प्रती आम्हाला मिळाव्यात यासाठी वाहिनीला आपल्या पदावरून एक पत्र द्या, त्यासाठी धोरण लागत नाही. शेवटचे तीन भाग पूर्ण करण्याचा जो शब्द आपण दिलात, तो पाळा किंवा पाळणार नाही असं मुलांना स्वतः कळवा. माझ्यामार्फत नको. माझं कर्ज मी फेडेन, ते मी आपल्याकडे मागत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत चित्रीकरण करायचं तर निर्णय गणपतीच्या आधी लागेल, कारण सुट्टी सोडून मुलांना शाळेतून काढायचं नाही, असं मी पालकांना कबूल केलं आहे. बालकलाकारांच्या परवानगीचा अर्ज मी पुन्हा भरायला घेतला आहे. मुलांची नावं, पालकांच्या सह्या, डॉक्टरांचे दाखले झाले आहेत. चित्रीकरणाच्या तारखांचा रकाना तेवढा भरायचा राहिला आहे, तो आपलं उत्तर आल्यावर भरेन. उत्तर लेखी द्यावं.

कळावे,
मालिकेची निर्माती-दिग्दर्शिका
गावभाग, सांगली