काखेले टेकू दे, म्हणणाऱ्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

आईच्या ब्लाउजचं माप घेऊन अमरावतीच्या तुमच्या दुकानात यायचे, तेव्हापासून तुमची कात्री बघत आलेय. आजचं पत्र मात्र मार्चमधल्या त्या अर्ध्या तासाच्या फोनसाठी.

इथे मँचेस्टरला मी 1860 च्या दशकातल्या बायका घालत तसा ड्रेस शिवत होते. घागरा जमला होता. चार मीटर घेर, वरच्या काठाला धावदोऱ्याच्या दोन ओळी, टाक्याखाली बरोब्बर टाका. दोरे ओढले की बारीक चुण्या एकमेकींना चिकटून उभ्या राहतात, मग एकेक चुणी कमरपट्टीला हाताने शिवायची. घेर फुगवायला आत पोलादी कड्यांचं क्रिनोलिन. अडलं ते वरच्या चोळीत. हात जरा पुढे केला की अख्खी चोळी कमरेपासून वर सरकायची. मी मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल काप, आणखी खोल कापत गेले. मांजरपाटाचे तीन नमुने वाया गेले आणि मी रडकुंडीला आले.

तुम्ही फोटो पाहिलेत आणि म्हणालात, "मुंढा खाली नोको नेऊ पोरी, वर घे. काखेले टेकू दे."

त्या ड्रेसात बाहीची शिवण खांद्यावरून दंडावर उतरलेली असते, म्हणून मुंढाही खोलच असणार, असं मी धरून चालले होते. तुम्ही समजावलंत: मुंढा खोल असला की हातासोबत बाही कुशीचं कापडही ओढते, काखेत उंच असला की हात हलतो, अंग जागेवर राहतं. खणाच्या चोळ्या शिवत तुमची उमर गेली. क्रिनोलिनचं नावही तुम्ही त्याच दिवशी ऐकलंत. चौथा नमुना दीड इंच वर घेतला, आणि बसला! दंडावरच्या शिवणीमुळे हात डोक्यावर जात नाही, पण कप उचलता येतो, पत्र लिहिता येतं.

तो ड्रेस घालून मी इथून जवळच्या क्वारी बँक या 1784 च्या सूतगिरणीत गेले. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1861 ते 1865, तिकडचा कापूस अडला आणि इथल्या गिरण्यांना मुंबईहून गेलेल्या गाठींचा आधार उरला. आपल्या कापसाचा तंतू आखूड, सूत सारखं तुटायचं. कामगार हिंदुस्थानातल्या कापसाला सरसकट 'सुरत' म्हणत आणि वैतागत. पण लिव्हरपूलच्या बाजारात एका जातीचा भाव 'ऊमरावती' नावाने लागायचा. आपली अमरावती, काका! त्या मागांसमोर उभी असताना तुमच्या दुकानाची पायरी डोळ्यांपुढे आली.

शिलाई विचारली तर तुम्ही फोनच ठेवून दिलात. दिवाळीत येतेय. चौथा नमुना तुमच्यासाठी जपून ठेवलाय, आणि 1880 च्या दशकातल्या ड्रेसचं कापड सोबत आणतेय. त्याची बाही तुमच्यासमोर बसूनच कापेन.

तुमची,
मँचेस्टरची पोरगी