जिवाणूंचे प्लास्टिक आधी मल्चिंग पेपरसाठी वापरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जिवाणूंपासून तयार होणाऱ्या प्लास्टिकविषयी अलीकडे बरेच छापून येते. त्याचा उपयोग म्हणून मात्र कॅरीबॅग, स्ट्रॉ आणि वेफर्सची पाकिटेच पुढे केली जातात. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि आता जुन्नर तालुक्यात शेती करतो. हे प्लास्टिक महाग आहे आणि थोडेच तयार होते. ते शहरातल्या पिशव्यांवर खर्च करण्याआधी शेतातल्या मल्चिंग पेपरसाठी, म्हणजे वाफ्यावर अंथरायच्या प्लास्टिकच्या पातळ आच्छादनासाठी वापरावे, एवढीच मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आमच्या भागात टोमॅटो, मिरची, कलिंगड, काकडी आता मल्चिंगशिवाय कोणी लावत नाही. त्याचे कारणही सरळ आहे. तण कमी, पाणी कमी, खुरपणीची मजुरी कमी. चार फूट रुंद, ४०० मीटर लांब आणि ३० मायक्रॉनच्या एका रोलचे वजन १३ किलोच्या आसपास भरते. एकराला असे सहा-सात रोल लागतात, म्हणजे एकरी ८० ते ९० किलो पॉलिथीन. बाग मोडली की त्याचे काय करायचे, याचे उत्तर कोणाकडे नाही. माती आणि मुळे चिकटलेला, उन्हाने कडक झालेला हा कागद भंगारवालाही घेत नाही. काही बांधावर जळतो, काही ओढ्यात जातो, आणि उरलेला रोटाव्हेटरखाली तुकडे होऊन मातीत मिसळतो. पुढच्या वर्षी त्याच जमिनीत पुन्हा नवा कागद. जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढवा म्हणून आपण शेतकऱ्याला सांगतो, आणि त्याच जमिनीत दर हंगामाला पॉलिथीनची भर पडत राहते. मला हे पाहवत नाही.

आता या जिवाणूंविषयी. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील मॉरिस लेमॉन्य यांनी १९२६ मध्येच बॅसिलस मेगाटेरियम या जिवाणूत पीएचबी नावाचा पॉलिस्टर शोधला होता. साखर भरपूर आणि नत्र किंवा स्फुरद अपुरे अशी स्थिती आली की काही जिवाणूंची वाढ थांबते, आणि पुढच्या दुष्काळासाठी कणगी भरून ठेवावी तसा ते जादा कर्ब पेशीत कणांच्या रूपाने साठवतात. क्युप्रिॲव्हिडस निकॅटर या जिवाणूच्या कोरड्या वजनात हा साठा ८० टक्क्यांपर्यंत जातो. पेशी फोडून तो वेगळा केला की प्लास्टिक हाती येते. पीएचबी ज्यात मोडते, ते पीएचए नावाचे प्लास्टिकचे सारे कुटुंब मातीतले इतर जिवाणू आणि बुरशी खाऊ शकतात, कारण ते त्यांच्याच जगातले अन्न आहे. पीएलए या दुसऱ्या जैवप्लास्टिकचे तसे नाही. त्यातले लॅक्टिक आम्ल जिवाणू बनवतात, पण पुढची साखळी कारखान्यात जोडली जाते. ते नीट कुजायला ६० अंशांच्या आसपास तापणारा कंपोस्ट प्रकल्प लागतो. शेतात ते वर्षानुवर्षे पडून राहू शकते. मल्चिंगसाठी हा फरक निर्णायक आहे.

मग इतके चांगले प्लास्टिक शंभर वर्षांत रुळले का नाही? ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने ते ‘बायोपॉल’ नावाने आणले. १९९० मध्ये जर्मनीत वेला कंपनीच्या शाम्पूची बाटली त्यापासून निघाली. पुढे हा व्यवसाय मोन्सॅन्टोकडे गेला आणि दशक संपता संपता गुंडाळला गेला. अमेरिकेत मेटाबोलिक्स आणि एडीएम यांनी आयोवा राज्यात मक्याच्या साखरेवर मोठा कारखाना उभारला. २०१२ मध्ये एडीएमने त्यातून अंग काढून घेतले. स्ट्रॉ आणि पाकिटांसाठी पीएचए बनवणाऱ्या डॅनिमर सायंटिफिकने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. माझ्या मते या सर्वांनी लढाईची जागा चुकीची निवडली. बाटली आणि पाकीट गोळा करता येते, धुता येते, त्यांना कागद-काचेचे पर्यायही आहेत. तिथे स्वस्त पॉलिथीनपुढे अनेक पट महाग माल टिकणार कसा? मल्चिंग पेपरची गोष्ट वेगळी आहे. तो मातीतच वापरायचा असतो, आणि उचलण्याचा, वाहून नेण्याचा खर्च असतोच. जो कागद पीक निघाल्यावर नांगरून टाकता येतो, त्याची किंमत ठरवताना ही वाचलेली मजुरी धरावी लागेल.

अडचणी आहेत, आणि त्या मोठ्या आहेत. निव्वळ पीएचबी ठिसूळ असते. त्याची ताणता येणारी फिल्म होत नाही, म्हणून साखळीत दुसरे मोनोमर (म्हणजे कड्या) मिसळलेले प्रकार किंवा मिश्रणे वापरावी लागतात. जपानची कानेका कंपनी वनस्पती तेलावर जिवाणू वाढवून असा लवचिक प्रकार बनवते. आपल्या काळ्या जमिनीत ऐन उन्हाळ्यात, ओल नसताना, विघटन किती मंदावेल आणि पावसाळ्यात कागद वेळेआधी फाटेल का, हे परदेशी अहवाल वाचून कळणार नाही. ते इथेच बेडवर अंथरून पाहावे लागेल. नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे, राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आघारकर संशोधन संस्था आणि राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे. दोन-तीन तासांच्या अंतरात इतक्या संस्था दुसऱ्या कुठल्या टोमॅटो पट्ट्याला मिळणार?

कच्च्या मालाबाबत सावध राहिले पाहिजे. एक किलो पीएचबीला साधारण तीन किलो साखर लागते. महाराष्ट्रात साखर आहे म्हणून आणखी ऊस लावा, असे कोणी म्हटले तर मी विरोध करीन. उसाला लागणारे पाणी आम्ही पाहतो आहोत. मळी आधीच इथेनॉलकडे वळली आहे. डेअरीतली निवळी, बायोडिझेलमधले ग्लिसरॉल, अन्नप्रक्रिया उद्योगांचे सांडपाणी यांवरही हे जिवाणू वाढतात. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या किण्वनाचा अनुभव असलेल्या संस्थेने त्या दिशेने पाहावे.

सध्या फलोत्पादन अभियानातून प्लास्टिक आच्छादनाला अनुदान मिळते, म्हणजे जमिनीत पॉलिथीन घालायला सरकारच पैसे देते. त्यातला काही वाटा मातीत कुजणाऱ्या फिल्मसाठी वेगळा ठेवावा. पण निकष पक्का हवा. नाहीतर उन्हात तुकडे होणारे ऑक्सो प्लास्टिकच ‘विघटनशील’ म्हणून अनुदानावर विकले जाईल. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात त्यावर बंदी घातली आहे. मल्चिंग फिल्मसाठी युरोपात २०१८ पासून ‘ईएन १७०३३’ हे मानक आहे, त्यानुसार दोन वर्षांच्या आत मातीत ९० टक्के कर्बाचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे लागते. आपल्या २०२४ च्या सुधारित प्लास्टिक नियमांतही विघटनानंतर सूक्ष्म प्लास्टिक उरता कामा नये, अशी अट आहे. ती अट मल्चिंगच्या अनुदानाला जोडावी. येत्या खरिपापासून जुन्नर, आंबेगाव आणि संगमनेर या तालुक्यांत शेतकऱ्यांच्याच शेतांवर चाचणी घ्यावी आणि त्याचे निष्कर्ष, फसले तरी, मराठीत जाहीर करावेत. चाचणीसाठी माझे शेत द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक आणि शेतकरी,
ता. जुन्नर, जि. पुणे