विषय: ‘सायलेंट’ म्हणून विकलेला, रात्रभर गुळण्या करणारा फिशटँक

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेला लावलेला फोन बावन्न मिनिटं चालला. त्यातली एकोणतीस होल्डवरची बासरी ऐकण्यात गेली. या तक्रारीसाठीचा हा नववा फोन. दहावा करणार नाही, म्हणून हे पत्र.

टँक तुमचाच, तेव्हा त्याची रचना मी तुम्हाला सांगायची गरज नाही. चार बाय दीड बाय दोन फूट, साधारण 340 लिटर. खाली कॅबिनेटमध्ये संप, म्हणजे वरचं पाणी झेलणारी फिल्टरची टाकी, मागच्या कोपऱ्यात ओव्हरफ्लो बॉक्स, म्हणजे काठावरून पाणी ज्यात पडतं तो कप्पा, त्याच्या तळाला दोन भोकं. एकातून पाणी खाली उतरतं, दुसऱ्यातून पंप ते वर चढवतो. फिटिंगसह 68,500 रुपये. कॅटलॉगवर ठळक अक्षरांत ‘सायलेंट सिरीज’. हा शब्द तुम्ही निवडलात, मी नाही.

पहिल्या रात्रीपासून हा टँक गुळण्या करतोय. उपमा माझ्या बायकोची, आणि अगदी चपखल. दर 38 सेकंदांनी (घड्याळ लावून मोजलंय) बॉक्समधलं पाणी हळूहळू चढतं, पाइपाचं तोंड बुडतं, मग सुर्रर्र करत सगळं एका दमात खाली ओढलं जातं, शेवटी घशात अडकल्यासारखा एक घोट, आणि खाली संपमध्ये भसकन आदळतं. मग शांत. मग पुन्हा चढायला लागतं. हॉलमध्ये माझे वडील झोपतात. वय 81. पहिले तीन दिवस रात्री उठून विचारत होते, ‘बाथरूममध्ये कोण आहे रे?’

कारण शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या. तुमच्या फिटरला ते आपणहून सापडलं नाही. उभ्या पाइपावर टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टीच्या बाजूला खाली तोंड केलेला एल्बो, टीच्या डोक्यावर टोपण. पाणी आवाज न करता उतरवायची ही ड्युर्सो पद्धत, तुम्हीच वापरलेली. त्या टोपणाला बारीक भोक लागतं, हवा आत यायला. ते नसलं की पाइप मध्येच पूर्ण सायफन पकडतो, म्हणजे हवेशिवाय गच्च भरून पाणी ओढायला लागतो, बॉक्स रिकामा करतो, हवा मिळाली की सोडून देतो. तुमच्या माहितीपत्रकाच्या पान 6 वर ते भोक काढलेलं आहे. हवा कमी-जास्त करायला त्यावर छोटा व्हॉल्व्हही दाखवलाय. तुमच्या माणसाने बिनभोकाचं टोपण सोल्युशन लावून ठोकून बसवलं.

पहिल्या तक्रारीनंतर एकोणिसाव्या दिवशी तो आला. पान 6 दाखवलं. ‘हो साहेब, राहिलंच ते’ म्हणाला आणि ड्रिलने बोट जाईल एवढं भोक पाडून गेला. गुळण्या थांबल्या. त्याऐवजी अखंड सूं सुरू झालं. कुकरची शिट्टी आता होईल, आता होईल असं वाटतं आणि ती कधीच होत नाही, तसं.

दुसऱ्या वेळी आला तो सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. ‘वहिनी, भांडी घासायचा स्पंज असेल का?’ बायकोने सिंकवरचा दिला, एका बाजूने पिवळा, एका बाजूने हिरवा. त्याने तो दाताने फाडून अर्धा पाइपाच्या तोंडात कोंबला. ‘बघा साहेब, एकदम सायलेंट.’ खरंच आवाज गेला. पाणी खाली जाण्याचा तो एकमेव मार्ग होता, त्यामुळे पाणीही जायचं थांबलं. पंप मात्र वर चढवतच होता. काठाला दोन बोटं उरली तेव्हा मी प्लग खेचला. तोपर्यंत तुमचा माणूस चहा पिऊन, माझी सही घेऊन निघून गेला होता. वर त्या स्पंजाला भांड्यांचा साबण. रात्री दीड वाजेपर्यंत बादल्यांनी शंभरेक लिटर पाणी बदललं. माझे दोन्ही ऑस्कर मासे वाचले, त्याचं श्रेय कृपया घेऊ नका.

मेमध्ये वळवाच्या पावसात रात्री लाईट गेली. पंप थांबल्यावर टँकमधलं पाणी रिटर्नच्या, म्हणजे पाणी वर चढवणाऱ्या पाइपातून उलटं खाली येतं आणि नोझल, म्हणजे त्या पाइपाचं वरचं तोंड, उघडं पडेपर्यंत येतच राहतं, हे तुम्ही जाणताच. तुमच्या माणसाने नोझल पाण्याखाली सात सेंटीमीटर ठेवलं होतं. या टँकमध्ये एक सेंटीमीटर म्हणजे साडेपाच लिटर. म्हणजे अडतीस लिटर पाणी संपकडे निघालं, आणि संपमध्ये जागा होती जेमतेम पंचवीस लिटरची. उरलेलं आमच्या हॉलमध्ये. ‘नॉन रिटर्न व्हॉल्व्ह टाकलाय, काळजी नको’ असं सांगून गेला होता. त्या व्हॉल्व्हच्या झडपेवर बुळबुळीत थर धरला होता, ती मिटलीच नाही. नोझलच्या वरच्या बाजूला, पाण्याच्या रेषेखाली जरासं, चार मिलिमीटरचं भोक असतं तर हवा शिरून धार तिथेच तुटली असती. ते भोक नंतर मी पाडलं. तुमच्या लोकांचं भोकांशी काय वाकडं आहे, कळत नाही. कॅबिनेटचं प्लाय खालून फुगलंय आणि डाव्या दाराला आता ढुशी दिल्याशिवाय ते लागत नाही.

आता आजचा फोन. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच, तरी लिहितो.

‘सर, कसला आवाज येतोय?’

‘पाण्याचा.’

‘सर, फिशटँक म्हटल्यावर पाण्याचा आवाज येणारच ना?’

मी शांत राहिलो. ‘सायलेंट सिरीज’ हे नाव वाचून दाखवलं. त्यावर: ‘सर, वाहत्या पाण्याचा आवाज घरात शुभ असतो. लोक मुद्दाम कारंजी लावतात. तुमचा टँक कोणत्या दिशेला आहे?’

आणि लाज वाटते सांगायला, मी उत्तर दिलं. ‘ईशान्येला.’

‘मग तर उत्तमच आहे, सर!’

मी वरिष्ठांना मागितलं. बासरी. वरिष्ठ आले. त्यांनी तोडगा काढला: ‘रात्री पंप बंद ठेवा. मासेही झोपतात.’ मी म्हटलं, पंप बंद ठेवला तर फिल्टरमधल्या जिवाणूंना रात्रभर ऑक्सिजन कुठून मिळणार? आणि रोज रात्री किती पाणी खाली उतरेल? मी नोझलला भोक पाडलं नसतं तर तुमचा संप तेवढं झेलू शकला नसता.

पलीकडे जरा शांतता. मग अगदी समजुतीच्या सुरात: ‘नाही सर, आमच्याकडे संप वगैरे काही नाही. सगळा स्टाफ कामावर आहे.’

साहेब, मी हे रचून लिहीत नाही. संप विकणाऱ्या कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला संप म्हणजे हरताळ एवढंच ठाऊक आहे. पाच महिन्यांचा अनुभव पाहता मलाही आधी तसंच वाटलं होतं. फोन ठेवल्यावर चार मिनिटांत मेसेज आला: ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे. आम्हाला पाचपैकी किती तारे द्याल?’

पान 6 वर भोक आहे. पुन्हा सांगतो, तुमच्याच पान 6 वर.

आता मला काय हवंय ते. नवा टँक नको, काचेला ड्रिलही नको, असलेल्या दोन भोकांतच काम होतं. रिटर्नचा पाइप मागच्या काठावरून वर घ्या. मोकळ्या झालेल्या भोकात दुसरा उभा पाइप बसवा, तोंड पाण्याच्या नेहमीच्या पातळीपेक्षा वर. तो एरवी कोरडा राहील, पहिला तुंबला तरच चालेल. पहिल्या पाइपाला हवा अजिबात नको, पूर्ण सायफन, आणि त्यावर गेट व्हॉल्व्ह. बॉल व्हॉल्व्ह आणू नका. तो पाव फेऱ्यात उघडतो आणि मिटतो, केसभर हलला की पाण्याची पातळी बदलते. गेट व्हॉल्व्ह फेऱ्याफेऱ्याने जुळवता येतो. पाइपाचं खालचं टोक संपच्या पाण्यात इंचभरच बुडवा. जास्त बुडवलं तर लाईट आल्यावर पाइपातली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन लवकर पकडत नाही. पाण्यात हवा मिसळली नाही तर आवाज कशाचा येणार? या दोन पाइपांच्या पद्धतीला हर्बी म्हणतात. तिसरं भोक ठेवलं असतंत तर तीन पाइपांचं बीनअ‍ॅनिमल करता आलं असतं, पण भोकांबद्दल तुमचं धोरण मला आता कळलंय. पंपाखाली रबराचा तुकडा टाका, तो काचेवर टेकून घुमतो.

हे सगळं तुमच्या खर्चाने, आणि कॅबिनेटचं खालचं प्लाय बदलून. पंधरा दिवसांत झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवेन आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. बिलं, पान 6, फुगलेल्या प्लायचे फोटो आणि रात्री अडीचचं सात मिनिटांचं रेकॉर्डिंग तयार आहे. त्यात अकरा घोट स्पष्ट ऐकू येतात.

खरं तर वाईट याचं वाटतं की माझा पहिला दोन फुटी टँकही तुमचाच होता. चौदा वर्षं चालला, एक थेंब गळला नाही. तो भाच्याला देऊन मी हा घेतला.

शनिवारी सकाळी अकरानंतर मी घरी आहे. तोच माणूस पाठवलात तरी हरकत नाही, पोरगा स्वभावाने चांगला आहे, फक्त सोबत माहितीपत्रक द्या. आणि भांडी घासायचा एक स्पंज. तो आमचा होता.

आपला ग्राहक (अजून तरी)