रग्बी परतली, पण घाई नको

महोदय,

सिडनीतल्या बहुतांशी खासगी शाळांची, १८९२ पासून चालत आलेली जीपीएस (ग्रेट पब्लिक स्कूल्स) रग्बी स्पर्धा यंदा, २०२२ मध्ये, पुन्हा मैदानावर आली, याचा मनापासून आनंद आहे. २०२१ मध्ये २६ जून ते ११ ऑक्टोबर इथे टाळेबंदी होती. ऐन हिवाळी हंगाम त्यात बुडाला. बारावीच्या मुलांचा तो शाळेतला शेवटचा हंगाम होता. तो काही परत मिळणार नाही.

माझ्या मुलाचे जुने बूट आता त्याच्या पायात शिरत नाहीत. परवा शनिवारी तो चिखलाने माखलेलाच गाडीत बसला, दात जपणारा माउथगार्ड मुठीत धरून, आणि घर येईपर्यंत बोलत राहिला. वर्षभरात एवढा बोलला नव्हता.

म्हणूनच एक कळकळीची विनंती. मुलांची अंगं वाढली, पण टॅकलचा, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडण्याचा, सराव तुटला आहे. स्क्रममध्ये चेंडूसाठी एकमेकांत गुंतून आठ विरुद्ध आठ जण रेटतात, तेव्हा पुढच्या फळीतल्या मुलांच्या मानेवर केवढा भार येतो! प्रशिक्षकांनी आधी मान-खांदे बळकट करून घ्यावेत. डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्याच क्षणी बाहेर काढावे, मग सामना कितीही अटीतटीचा असो.

– एक पालक, सिडनी