शोकदिन म्हणणे अपुरे

संपादक महोदय,

आपल्या २ नोव्हेंबरच्या अंकात 'ऑल सोल्स डे'चा, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाचा, उल्लेख 'ख्रिस्ती समाजाचा शोकदिन' असा झाला आहे. तो अपुरा वाटतो. डोळे पाणावतात, हे खरेच. पण अंत्यविधीतून पुनरुत्थानाची, म्हणजे मृत पुन्हा उठतील ही, आशा अधिक स्पष्ट व्हावी, असे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच ठरवले. पुढे धर्मगुरूंच्या काळ्या पेहरावाऐवजी जांभळा किंवा पांढरा आला. गव्हाचा दाणा मातीत पडून मेला तरच पीक देतो, हे येशूचे वचन वसईच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. गेल्या वर्षी आईच्या कबरीवर मेणबत्ती लावताना माझ्या चार वर्षांच्या नातीने विचारले, "पणजी उठेल तेव्हा मला ओळखेल ना?" मी 'हो' म्हणालो, आणि अगदी मनापासून म्हणालो.

– एक वाचक, वसई