फौजीकाका, माझे पाय आता पांढरे होत नाहीत

फौजीकाका, रामराम.

नाव लिहायचं नाही, गावही लिहायचं नाही, असं तुम्ही बजावलंय. दोन्ही पाळतो. पण पत्रच लिहू नकोस असं काही म्हणाला नव्हता. तेवढी पळवाट धरून हे चारचौघांत लिहितोय. करमाळ्याच्या अंगाला उजनी धरणाच्या काठी केळीची बाग आणि अंगात मिलिटरीत शिकलेलं विंडसर्फिंग (शीड लावलेल्या बोर्डावर उभं राहून वाऱ्यावर पाण्यात पळायचं), असे काका काही ढिगानं नसणार. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

सोलापुरात मी विंडसर्फिंग करतो म्हटलं की समोरचा आधी हसतो. मग विचारतो, "कुठं? सिद्धेश्वर तलावात का संभाजी तलावात?" उजनी म्हटल्यावर गंभीर होतो, कारण उजनी म्हणजे आमच्या नळाचं पाणी. एकूण साठा ११७ टीएमसीच्या आसपास, त्यातला ६३ मृतसाठा, त्याच्या खाली गेलं की धरण 'मायनस'मध्ये. हे आकडे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. त्या पाण्यावर शीड उभं करून कुणी खेळतं, हे पटायला वेळ लागतो.

खरी गंमत तर तुम्हीच दाखवलीत. आपल्याकडे वारा आणि पाणी एकाच वेळी येत नाहीत. पश्चिमेचा दणदणीत वारा जून-जुलैत, आणि तेव्हा धरण तळाला. पुणे जिल्ह्यातल्या वरच्या धरणांतून पाणी सुटून उजनी भरते तोवर वाऱ्याचा जोर ओसरू लागलेला असतो. म्हणजे वारा असतो तेव्हा काठावर गुडघाभर गाळ, आणि काठ धुऊन निघतो तेव्हा शीड लोंबकळतंय. मी पहिल्यांदा तुम्हाला भेटलो ते त्या गाळातच.

तो जूनमधला रविवार तुम्हाला आठवत असेल. तुम्ही मोटारीचा फुटव्हॉल (पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप) साफ करायला खाली उतरला होता. पाणी आत सरकलेलं, त्याच्यामागे सगळ्यांचे पाइप आणि केबली लांबवलेल्या. मी खांद्यावर बोर्ड, हातात शीड, चपला गाळात हरवलेल्या, असा पश्चिमेकडे चालत होतो. सकाळपासून तिसरी फेरी. पाण्यात जायचं, वाऱ्यानं खाली वाहत जायचं, ओढ्याच्या तोंडाशी काठाला लागायचं आणि सगळं सामान उचलून पुन्हा वर चालत यायचं. तुम्ही थोडा वेळ बघितलंत आणि म्हणालात, "आरं, बोर्ड तुला नेतोय का तू बोर्डाला?"

मला राग आला होता, आता कबूल करतो. नव्वदेक किलोमीटर गाडी मारून टेंभुर्णीवरून यायचं आणि केळीवाल्या काकांनी शहाणपण शिकवायचं! मग तुम्ही विचारलंत, "लिटर किती?" बोर्डाचे लिटर, म्हणजे त्याचं आकारमान, विचारणारा माणूस मला सोलापूर जिल्ह्यात तोवर भेटला नव्हता.

१०५, मी सांगितलं. त्यावर तुम्ही तिथंच फुटव्हॉल हातात धरून हिशेब केलात. माणूस ७४ किलो. बोर्ड सात. शीड, मास्ट (शिडाची उभी काठी), बूम (शीड धरायची आडवी दांडी) मिळून नऊ. ओलं जाकीट आणि हार्नेस (बूमला अडकवायचा हूकवाला पट्टा) दोन. झाले ९२. गोड्या पाण्यात १०५ लिटरचा बोर्ड १०५ किलोच पेलणार, समुद्रात खाऱ्या पाण्यामुळं अडीचेक किलो जास्त पेलतो, ते इथं नाही. म्हणजे हातात उरले तेरा किलो, आणि तेही बोर्डाच्या बरोबर मध्यावर उभा राहिलास तर. नाकावर गेलास की नाक खाली.

मी शिकलो होतो किनाऱ्यावरच्या एका शहरात. तीन दिवसांचा कोर्स, पैसे आगाऊ. जागेचं नाव सांगण्यात हशील नाही. तिथला बोर्ड दोनशे लिटरचा, मधे खाली सरकणारी फळी, त्यावर मास्टभोवती सावकाश प्रदक्षिणा घातली तरी काही बिघडत नाही. तिसऱ्या दिवशी प्रशस्तिपत्र मिळालं आणि मी समजलो की मला टॅक येतो. मग हौसेनं जुना आखूड बोर्ड विकत घेतला. विकणाऱ्यानं आणि शिकवणाऱ्यानं, दोघांनीही सांगितलं नाही की आखूड बोर्डावर प्रदक्षिणा चालत नाही.

टॅक म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. वाऱ्याच्या थेट समोर शिडाला जाता येत नाही, तिरकं तिरकंच चढावं लागतं. एका तिरक्या रेषेवरून दुसरीवर जाताना बोर्डाचं नाक वाऱ्यातून फिरवायचं, आणि त्याच वेळी आपण मास्टच्या पुढून पलीकडे जायचं. हा टॅक. शेपूट वाऱ्याकडे करून वळलं तर तो जाइब. जाइब करता येतो, पण दर वेळी थोडं खाली घसरायला होतं. मला जाइबच बरा जमायचा, म्हणून मी ओढ्याच्या तोंडाशी.

तुम्ही आधी पाण्यात काहीच शिकवलं नाहीत. म्हणालात, "घरी चल." केळीच्या शेडसमोरच्या सारवलेल्या अंगणात तुम्ही चुन्याच्या फक्कीनं बोर्ड आखलात. दोन मीटर चाळीस लांब, पासष्ट सेंटीमीटर रुंद, टेपनं मोजून. कबड्डीचं मैदान आखावं तसा. मास्टच्या जागी केळीला टेकू द्यायचा बांबू, बुडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधून तो एका जुन्या टायरात खोचलेला, म्हणजे चहूबाजूंना कलता येईल. आणि नियम एकच: पाय पांढरा झाला तर तू पाण्यात.

पहिल्या पन्नास उड्यांत माझे दोन्ही पाय घोट्यापर्यंत पांढरे. काकू शेडमधून बघून हसत होत्या.

मी काय चुकत होतो ते त्या अंगणात कळलं. मी मास्टपासून हातभर लांबून वळसा घालायचो, छोटी छोटी पाच-सहा पावलं टाकत, खाली बघत. तुम्ही पावलं तीनवर आणलीत. डावा पाय पुढे असताना: एक, डावा पाय मास्टच्या पुढून, बुडाला चिकटून, टाच नाकाकडे. दोन, उजवा पाय त्याच्या जागी, तोही बुडाला घासून. तीन, डावा पाय एकदम मागे, लांब. दोन आणि तीन मिळून एकच उडी. "दोनवर थांबायचं न्हाय. दोनवर घर बांधायचं न्हाय," हे तुमचं वाक्य मला सोलापुरात सिग्नलला उभा असतानाही ऐकू यायचं.

हातांचंही तसंच. डावा हात आधीच बूमवरून काढून मास्टला, बूमच्या खाली. मग उजवा मास्टला आणि लगेच डावा पलीकडच्या बूमवर, जवळ नाही, लांब मागे. मी जवळ पकडायचो, मग शीड ओढायला ताकदच मिळायची नाही.

आणि ती नंदीध्वजाची गोष्ट! बांबू माझ्या हातात दर वेळी पाठीमागे झुकायचा आणि मी दोन्ही हातांनी त्याला लोंबकळायचो. तुम्ही वैतागून म्हणालात, "सोलापूरचा ना तू? गड्ड्याच्या जत्रेत काठ्या धरणारे बघितलेस का न्हाय?"

काका, सिद्धेश्वराची ती जत्रा लहानपणापासून दर संक्रांतीला बघतोय. सात नंदीध्वज, पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी, एवढी उंच काठी आणि एकट्याच्या कमरेवर. यात्रेच्या आधी कित्येक दिवस त्यांचा सराव चालतो, आमच्या गल्लीतली मुलं बघायला जायची. पण ती काठी हातांनी पेललेली नसते, हात फक्त तिला वळण देतात, भार कमरेवर आणि काठी अंगालगत, हे मी इतकी वर्षं बघूनही कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी बांबू छातीजवळ घेतला, गुडघे वाकवले, आणि तो एकदम हलका झाला. पुढच्या जत्रेत मी काठीकडे बघणारच नाही, धरणाऱ्याच्या गुडघ्यांकडे बघणार आहे.

चहा घेताना तुम्ही सांगितलंत की कॅलिफोर्नियात निघालेला पहिलावहिला बोर्ड बाराएक फुटी होता, आणि १९८४ साली हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला, बायकांसाठी १९९२ला. तुमचाही पहिला बोर्ड तसलाच लांबलचक, म्हणालात, आणि आखूड मिळाला तेव्हा महिनाभर तुम्हीही नाकावरून पाण्यातच. हे आधी सांगितलं असतं तर मला जरा धीर आला असता की.

पाण्यात उतरायच्या आधी तुम्ही जाकिटाचा प्रत्येक पट्टा ओढून बघता. पहिल्यांदा मला ते जास्त वाटलं. मग तुम्ही नुसतं "कुगावची होडी" एवढंच म्हणालात. २०२४च्या मेमध्ये वादळी वाऱ्यात कुगाव आणि कळाशीच्या मधे होडी उलटून सहा माणसं गेली, ते पाणी तुमच्यासाठी बातमीतलं नाही. त्यानंतर मी पट्ट्याबद्दल कुरकुर केली नाही.

जाळ्यांचंही तसंच. माझा फिन (बोर्डाखालचं पातं) एका चिलापीच्या जाळ्यात अडकला, बोर्ड जागच्या जागी थांबला आणि मी शिडावरून पुढे उडालो. जाळं फाटलं. तुम्ही मला त्या मासेमारी करणाऱ्या दादांकडे घेऊन गेलात, माफी मागायला लावलीत, जाळ्याचे पैसे मी दिले. त्यांनीच मग दाखवलं की जाळी कुठून कुठपर्यंत असतात आणि बुडालेल्या वेड्या बाभळींचे खुंट कुठं आहेत. तेव्हापासून त्यांना विचारल्याशिवाय मी पाण्यात जात नाही.

पाण्यात आणखी एक कळलं, जे अंगणात कळणं शक्य नव्हतं. मी टॅकच्या आधी घाबरून वेग कमी करायचो. तुम्ही काठावरून ओरडायचा, "पळव, पळव!" वेगात असताना तोच बोर्ड मला सहज उचलून धरतो, थांबला की तेरा किलोंचा हिशेब सुरू होतो. म्हणून वेग घ्यायचा, हार्नेसचा हूक आधी सोडायचा (एकदा विसरलो, बूमनं कानाजवळ टेंगूळ दिलं), शीड मागे झुकवून त्याची खालची कड बोर्डाला टेकवायची. शीड मागे झुकलं की नाक वाऱ्याकडे वळतं. नाक वाऱ्याच्या रेषेच्या जरा पुढे गेलं की उडी. आधी नाही. आणि पलीकडे पोचल्या पोचल्या शीड पुढे फेकायचं, म्हणजे नाक वाऱ्यापासून सुटतं. मी इथं उभा राहून श्वास घ्यायचो, आणि श्वास पाण्याखाली संपायचा.

डोळ्यांबद्दल तुम्ही सांगितलेलं सगळ्यात उशिरा जमलं. पायांकडे बघायचं नाही, जिकडे जायचं तिकडे बघायचं. तुम्ही म्हणालात, पलीकडच्या काठावरचा विजेचा खांब धर. मी खांब धरला.

जुलैतला दुसरा रविवार. एक टॅक झाला. मला कळलाच नाही, मी पडायची तयारी करून बसलेलो आणि हातात शीड भरलेलं, समोर खांब. मग दुसऱ्या बाजूनं, तो अर्धा ओला, पण झाला. मग पुन्हा. चार-पाच तिरक्या रेषा मारून वर बघतो तर ओढा पार खाली राहिलेला, आणि मी तुमच्या मोटारीच्या पाइपापाशी. त्या दिवशी गाळातून बोर्ड वाहून न्यावा लागला नाही. तुम्ही उलट्या ड्रमवर बसला होता. मला वाटलं, आता तरी शाबासकी मिळेल. तुम्ही हात तोंडाशी धरून ओरडलात, "उजवा पाय पुढं असताना किती झाले?"

दोन, काका. दहातले दोन. ती बाजू अजून कच्ची आहे.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, म्हणून हे पत्र. काकूंनाही वाचून दाखवा. त्या दिवशी जेवणात चिलापीचं कालवण आणि तुमची केळी खाऊन मी परत निघालो तेव्हा त्यांनी पिशवीत आणखी दोन डझन कोंबली होती, सोसायटीत वाटली.

आणि एक सांगायचं राहिलं. मागच्या वेळी शेवटच्या उडीत तुमचा टेकूचा बांबू बुडाशी चिरला. मी तो तसाच टायरात उभा करून आलो, तुमच्या लक्षात आलं नसेल असं वाटलं. येत्या रविवारी नवा घेऊन येतो, शेंगाचटणी आणि कडक भाकरीबरोबर. फक्की मात्र तुमच्याकडची संपलीय, ती कुठल्या दुकानातून आणायची ते फोन करून सांगा.

तुमचा,
ओढ्याच्या तोंडाशी लागणारा
सोलापूरकर